आधी सांगणारा नगरसेवक

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे यांसारख्या शहरांच्या सभागृहांतील जी आसने जवळजवळ चार वर्षे रिकामी होती ती पुन्हा भरली गेली, ही गोष्ट लोकशाहीवर निष्ठा असणाऱ्या प्रत्येकास समाधान देणारी आहे. नव्या सदस्यांच्या दारी आता मागण्यांची रीघ लागलेली दिसते. कोणास रस्ता हवा आहे, कोणास उद्यान, कोणास मुलांसाठी अभ्यासिका. या मागण्या रास्तच आहेत. परंतु या सर्वांच्या आधी नगरसेवकाकडे अशी एक गोष्ट मागितली पाहिजे की जिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, निविदा काढावी लागत नाही, आणि आयुक्तांच्या स्वाक्षरीसाठी खोळंबून राहावे लागत नाही. प्रभागात काय घडणार आहे, काय घडत आहे, आणि जे घडायचे ठरले होते ते का घडले नाही, हे त्याने प्रभागातील सर्वांना, कोणी विचारण्याची वाट न पाहता, वेळेवर आणि नियमाने सांगत राहावे. नगरसेवकाच्या कर्तव्यांत हे कर्तव्य अग्रस्थानी आहे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

राज्यघटनेने नागरी स्वराज्य संस्थेची मुदत पाच वर्षांची ठरविली आहे आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी, असेही १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत नमूद करून ठेवले आहे. तरीही प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या वादात पुण्याची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपल्यावर पुन्हा मतदान होण्यास, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर, २०२६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात शहर थांबले नव्हते. कर वसूल होत होते, रस्ते खोदले जात होते आणि बुजवलेही जात होते. आयुक्त या नात्याने मांडलेले अंदाजपत्रक प्रशासक या नात्याने तोच अधिकारी मंजूर करीत होता. अधिकाऱ्यांच्या कर्तबगारीविषयी वा सचोटीविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही; त्यांपैकी कित्येकांनी मनापासून काम केले. पण सभागृहात उभा राहून प्रश्न विचारणारा आणि मिळालेले उत्तर गल्लीत येऊन सांगणारा माणूस या चार वर्षांत कोठेही नव्हता, आणि ही उणीव किती खोल जाऊ शकते याचा प्रत्यय पुणेकरांना दोन वेळा आला.

पहिला प्रसंग २५ जुलै २०२४ चा. रात्रभर मुसळधार पाऊस कोसळत होता आणि पहाटेच्या सुमारास खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडले जाणारे पाणी वाढवीत वाढवीत ३५,००० क्यूसेकपर्यंत नेले गेले. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत आणि लगतच्या वसाहतींत लोक जागे झाले तेव्हा तळमजल्यांत पाणी शिरले होते, वाहने बुडाली होती, आणि अखेर माणसांना बाहेर काढण्यासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. आपणांस वेळीच कोणी सांगितले नाही, ही तेथील रहिवाशांची मुख्य तक्रार होती, आणि त्यानंतरची चर्चाही बव्हंशी कोणत्या खात्याने कोणत्या खात्यास केव्हा कळविले यावरच होत राहिली. नगरसेवक असता तर पाणी अडले असते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्याने त्या वसाहतींत दारोदार फिरून मते मागितली आहेत, कोणत्या इमारतीत अंथरुणास खिळलेले वृद्ध आहेत आणि कोणत्या सोसायटीचा पहारेकरी रात्री दूरध्वनी उचलतो हे ज्यास तोंडपाठ असते, असा माणूस त्या रात्री जागा राहिला असता, त्याने अभियंत्यास झोपेतून उठवून आकडा विचारला असता आणि तो आकडा गल्लीगल्लीत पोहोचविला असता, तर निदान पहाटेचे दोन तास लोकांच्या हाती राहिले असते. आपत्तीत दोन तासांचे मोल काय असते हे नदीकाठी राहणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रसंग पाण्याचाच, पण पिण्याच्या. जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्त्यावर पुढे, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम नावाच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले. हातापायांतील शक्ती जाते, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते, असा हा आजार. रुग्णांची संख्या दोनशेच्या पलीकडे गेली आणि संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडे, विशेषतः नांदेड येथील विहिरीकडे, वळले. नांदेड आणि किरकटवाडी ही गावे ३० जून २०२१ रोजी महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांपैकी आहेत. समावेश होताच त्यांची ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला, ग्रामसभाही गेली. आणि महापालिकेत आपला म्हणून निवडून दिलेला सदस्य त्यांना २०२६ पर्यंत मिळालाच नाही. पाणी उकळून प्या, एवढी सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली, आणि ती योग्यही होती. परंतु आपल्या नळास कोणत्या विहिरीचे पाणी येते, त्याची तपासणी केव्हा झाली, तीत काय आढळले, आणि टँकरने येणाऱ्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न घेऊन जावे तर कोणाच्या उंबऱ्याशी, हे त्या गावांतील आयाबायांस ठाऊक नव्हते. चार वर्षांपूर्वी हेच प्रश्न त्यांनी ग्रामसभेत, सरपंचाच्या तोंडावर विचारले असते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यावर जो प्रलय ओढवला त्या वेळी महापालिका लोकनियुक्तच होती. तरीही नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबांना आदल्या रात्री धरणावर काय चालले आहे याची स्पष्ट वार्ता नव्हती, आणि त्या सकाळी शहरात खरी बातमी आणि अफवा यांतील भेद करणे सामान्य माणसास अशक्य होऊन बसले होते. तेव्हा सदस्य निवडून आले म्हणजे लोकांस माहिती मिळू लागलीच, असा काही नियम नाही. सांगण्याची सवय लावावी लागते, तिची व्यवस्था उभारावी लागते, आणि ती संकटाच्या आदल्या दिवशी उभारता येत नाही. जो नगरसेवक एरवी महिनोन्‌महिने काही कळवीत नाही, त्याचा पुराच्या रात्रीचा निरोप लोक निरोप म्हणून ओळखतही नाहीत.

नगरसेवकाच्या हाती यासाठी जे साधन आहे ते फार मोठे आहे, आणि बहुतेक नागरिकांनी ते कधी पाहिलेलेही नसते. ते म्हणजे सभेची कार्यपत्रिका. सभेपूर्वी तिची प्रत सदस्यास धाडली जाते. विषयाचा क्रमांक, खात्याचे नाव, आयुक्तांचे निवेदन, अंदाजित रक्कम, आलेल्या निविदांतील दर, ठेकेदाराचे नाव, आणि शेवटी मान्यता मिळावी ही विनंती, असा तिचा ठरलेला साचा असतो. आपल्या प्रभागातील कोणता भूखंड कोणास कोणत्या भाड्याने देण्याचे घाटत आहे, कोणत्या रस्त्याची आखणी बदलण्याचा प्रस्ताव आहे, कोणत्या जलवाहिनीचे काम पुढील वर्षावर ढकलले जात आहे, हे सारे या कागदांत आधी येते आणि रस्त्यावर नंतर दिसते. सबंध प्रभागात हा कागद ज्यांच्या घरी अधिकाराने येतो अशी माणसे तीन किंवा चार. त्यांनी तो वाचला नाही, किंवा वाचून दप्तरात ठेवून दिला, तर पन्नास-साठ हजार लोकांना आपल्या भवितव्याचा निर्णय कुदळ पडल्यावरच कळतो.

या कागदांतही ज्याकडे विशेष लक्ष हवे ते प्रकरण म्हणजे वर्गीकरण. एका कामासाठी राखून ठेवलेली रक्कम वर्ष सरता सरता दुसऱ्या कामाकडे वळविणे, यास महापालिकेच्या परिभाषेत हे नाव आहे. पुण्याच्या अंदाजपत्रकात प्रभागांतील लहान कामांची जी 'स यादी' असते तीत आपल्या गल्लीतील मलवाहिनीचे नाव पाहून एखादी वसाहत निश्चिंत होते, आणि मार्चअखेरीस ती रक्कम कमानीच्या वा सुशोभनाच्या कामाकडे गेलेली असते. असे वर्गीकरण प्रत्येक वेळी गैरच असते असे नाही. कधी तातडीचे काम निघते, कधी जागेचा वाद उभा राहतो. परंतु ज्यांच्या गल्लीतून रक्कम गेली त्यांना ते सांगण्याचे दायित्व कोणाचे तरी असले पाहिजे. लहान नगरपालिकांत याहून अवघड गोष्ट म्हणजे ऐनवेळचे विषय. जो विषय पत्रिकेवर नाही, ज्याची टिपणी सदस्यांस आधी मिळालेली नाही, तो सभा संपता संपता पुढे येतो आणि चर्चेवाचून मंजूर होतो. अशा विषयाची माहिती लोकांस आधी देणे सदस्यालाही शक्य नसते, आणि म्हणूनच लोकांस माहिती देण्याची ज्यास खरी तळमळ आहे त्याने ऐनवेळच्या विषयांस सभागृहात सातत्याने विरोध केला पाहिजे. लोकशिक्षण हे केवळ गल्लीतले काम नाही. त्याचा आरंभ सभेच्या शिस्तीपासून होतो.

खेड्यापाड्यांत निराळा शिरस्ता होता आणि अजूनही काही अंशी आहे. कोतवालाची दवंडी हे त्याचे जुने रूप. ग्रामसभा हे कायद्याने दिलेले रूप. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभांत अनेकदा गणसंख्येअभावी तहकुबी होते, काही ठिकाणी सह्याच काय त्या जमतात, हे मान्य केले तरी, गावातला कोणताही प्रौढ माणूस उठून जमाखर्च विचारू शकतो हा हक्क तेथे जिवंत आहे. शहरातील माणसास हा हक्क मिळावा म्हणून २००९ मध्ये महाराष्ट्राने महानगरपालिका व नगरपालिका यांच्या कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. लगतच्या काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, त्यातील सर्व मतदार सभेचे सदस्य, नगरसेवक अध्यक्ष, आणि ठराविक संख्येने सभा न घेणाऱ्या नगरसेवकास अपात्र ठरविण्याचीही तरतूद, असे तिचे स्वरूप आहे. इतकी चांगली तरतूद बहुतेक शहरांत कागदावरच राहिली, कारण क्षेत्रांच्या सीमाच आखल्या गेल्या नाहीत, आणि सीमा आखा असे म्हणण्याची निकड सभागृहांना वाटली नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्याजवळ आहे, आणि त्याचे चौथे कलम तर सार्वजनिक संस्थांनी आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी असेच फर्मावते. परंतु अर्ज लिहून तीस दिवस थांबणारा नागरिक हा शेकड्यांत एखादाच असतो, आणि रस्ता खोदण्याची मोहीम त्या तीस दिवसांत संपून गेलेली असते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी पाराशेजारच्या भिंतीवर एक काळा फळा माझ्या पाहण्यात आला. तो त्या वॉर्डातील नगरपालिका सदस्याने लावलेला होता, आणि त्यावर खडूने, कोठेही स्वतःचे नाव न घालता, तो मजकूर लिहीत असे. त्या दिवशीच्या मजकुरात पहिली ओळ होती की उद्या पाणी सकाळऐवजी दुपारी येईल, कारण जॅकवेलवरील मोटार दुरुस्तीस काढली आहे. दुसरी ओळ दिवाबत्तीची : तीन खांब बंद, तक्रार नोंदविली, अद्याप उत्तर नाही. तिसरी ओळ वाचून मी थबकलो. शाळेमागील गटाराच्या ठेकेदाराने मुदतवाढ मागितली होती. आपण सभेत तीस विरोध केला, परंतु बहुमताने ती मंजूर झाली, असे त्याने लिहिले होते. आपला पराभव आपल्याच हाताने पारावर लिहून ठेवणाऱ्या त्या माणसाविषयी मला जो आदर वाटला तो आजही कमी झालेला नाही. कामे करणारे सदस्य पुष्कळ भेटतात. न झालेल्या कामाचे कारण लेखी देणारा दुर्मिळ. आणि लोक त्यामुळे त्याच्यावर रागावले होते असेही दिसले नाही. गटाराचे काम रखडले याचा राग त्यांनी नगरपालिकेकडे नेला, जेथे तो नेणे उचित होते.

सभागृहात आपण काय म्हणालो हे लोकांस कळले पाहिजे, या विचारास महाराष्ट्रात फार थोर परंपरा आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि तेही लोकांनी निवडलेले नव्हे, सरकारने नेमलेले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला तेव्हा, हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी एकट्याने विरोध केला. ठराव संमत झाला, रक्कम खर्च झाली. पण त्या एका विरोधी मताची वार्ता सभागृहाबाहेर आली आणि टिकून राहिली, म्हणूनच नगरपालिकेचा पैसा कोणाचा हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला होता हे आपणांस आज ठाऊक आहे.

या म्हणण्यावर अनुभवी नगरसेवकांचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ते म्हणतात, लोकांना माहिती नको असते, काम हवे असते. बैठक बोलावली तर वीस माणसे येतात. आणि अप्रिय बातमी सांगणाऱ्याचे मत फुटते. यात तथ्य आहे. परंतु बैठकीस वीस माणसे येतात याचे एक कारण असे की आजवरच्या बहुतेक बैठकी निवडणुकीच्या तोंडावर झाल्या आणि त्यांत सांगण्यापेक्षा सत्कारच अधिक झाले. चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे फलक, निवडणुकीपूर्वी घरोघर येणारे गुळगुळीत कागदावरील कार्यअहवाल, व्हॉट्सअ‍ॅपवर केवळ आपल्या माणसांचे समूह, या सर्वांवर पैसा आणि श्रम खर्च होतातच. म्हणजे लोकांपर्यंत पोहोचण्याची साधने नाहीत, ही सबब टिकत नाही. त्याच फलकावर रस्त्याच्या कामाची रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण करण्याची मुदत आणि ते बिघडल्यास किती वर्षांपर्यंत ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचे, एवढे चार तपशील लिहिले तर तो फलक रहिवासी थांबून वाचतील, उतरवून घेतील, आणि पुढच्या पावसाळ्यात खड्डा पडताच त्याचा दाखला देतील. पहिल्या दोन-तीन बैठकी रिकाम्या जातील. चौथीस लोक येतील, कारण तोवर त्यांना कळलेले असेल की येथे सांगितलेले खरे असते.

बहुसदस्यीय प्रभागांमुळे हे काम अधिक कठीण झाले आहे, हेही मान्य केले पाहिजे. मुंबईतील २२७ प्रभागांत प्रत्येकी एक सदस्य असतो; इतर महानगरपालिकांतील बहुतेक प्रभागांत चार. चौघे एका पक्षाचे नसले तर एकाने सांगितलेले दुसरा खोडून काढतो, आणि चौघे एका पक्षाचे असले तर सांगण्याची जबाबदारी चौघांत वाटली जाऊन कोणाचीच राहत नाही. माझ्या मते यावर उपाय साधा आहे : श्रेयाविषयी चौघांनी वाटेल तेवढे भांडावे, पण पाणी, पूर, साथ, रस्ताखुदाई आणि विकास आराखड्यावरील हरकतींची मुदत या पाच बाबतींत चौघांच्या सहीचे एकच पत्रक निघावे. हरकतींची मुदत तर विशेष महत्त्वाची. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेली जाहीर सूचना कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि मुदत टळल्यावर केलेली हरकत कोणी विचारात घेत नाही.

आणखी एक बाब. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नळास पाणी केव्हा येते, कचऱ्याची गाडी आली की नाही, अंगणवाडीत काय चालले आहे, या गोष्टींची झळ ज्यांना प्रथम लागते त्या बायकांशी मोकळेपणाने बोलणारी, त्यांना सांगणारी आणि त्यांचे ऐकून घेणारी नगरसेविका ही या आरक्षणाची सर्वांत मोठी देणगी ठरू शकते. परंतु बैठकीत बाई खुर्चीवर बसल्या आहेत आणि माहिती त्यांचे पती देत आहेत, हे दृश्य अनेक ठिकाणी अद्याप दिसते. मतदारांनी अशा वेळी नम्रपणे पण ठामपणे म्हणावे की, ताई, आम्ही तुम्हांला निवडून दिले आहे, तुम्ही सांगा.

पावसाळा आता फार दूर नाही. मुठेच्या काठी ज्यांचे प्रभाग आहेत त्या नव्या सदस्यांनी मे महिना संपण्यापूर्वी एका रविवारी सायंकाळी आपापल्या प्रभागातील शाळेत रहिवाशांची बैठक बोलवावी, पाटबंधारे खात्याचा आणि महापालिकेचा असे दोन्ही अभियंते त्यांच्यासमोर बसवावेत, आणि किती क्यूसेक पाणी सोडले म्हणजे ते कोणत्या इमारतीच्या कोणत्या पायरीपर्यंत येते हे सर्वांसमक्ष विचारून घ्यावे. तो आकडा त्या त्या इमारतीच्या जिन्याशी ठळक अक्षरांत लिहावा, आणि रात्री-अपरात्री तो गाठला जात असल्यास कोण, कोणास, कोणत्या क्रमांकावर कळविणार आहे, हेही त्याच्या खाली लिहावे.